छापील पुस्तिका आणि पडद्यावरचे पान

(आपण मोबाइलवर मराठी लिहितो, उर्दूही लिहितो. ही सोय करणारे प्रोग्रॅमर बहुधा आपल्या भाषा जाणत नाहीत. मग कोणते अक्षर कसे दिसावे, हे त्यांना कोण सांगते? त्यांच्यासाठी लिहिलेली माहितीपुस्तिका सांगते. ही पुस्तिका पूर्वी कागदावर छापली जाई, आता ती पडद्यावर वाचली जाते. या बदलाने काय मिळाले, काय गेले आणि वाचताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)



मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात अच्छाड या गावाजवळ महाराष्ट्राचा निरोप घेतो. अच्छाडपर्यंत दुकानांच्या पाट्या देवनागरीत असतात. सीमा ओलांडली की गुजराती अक्षरे दिसू लागतात. त्यांच्या डोक्यावर देवनागरीसारखी आडवी रेघ नसते. आणि तुमच्या दप्तरात उर्दूची वही असते. तिच्यातील ओळी उजवीकडून डावीकडे चालतात. म्हणजे थोड्याशा अंतरात तीन लिप्या झाल्या.

आता हातातल्या मोबाइलचा विचार करा. या तिन्ही लिप्या तो दाखवतो. पण खरे सांगायचे तर त्याला अक्षर असे कळतच नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक दिलेला आहे. मराठीच्या 'अ' चा क्रमांक ०९०५, गुजरातीच्या 'अ' चा ०ए८५ आणि उर्दूच्या 'अलिफ'चा ०६२७. (क्रमांकात मध्येच अक्षर पाहून गोंधळू नका. संगणकवाले दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजतात. नऊनंतरच्या सहा अंकांसाठी ते इंग्रजी अक्षरे वापरतात.) या क्रमांकांच्या व्यवस्थेला 'युनिकोड' म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली पुस्तकरूपाने छापली गेली. देवनागरीचे क्रमांक ठरवताना भारतात १९८८ साली तयार झालेल्या 'इस्की' या तक्त्याचा आधार घेण्यात आला होता.

पण नुसते क्रमांक देऊन भागत नाही. अक्षरे एकमेकांना जोडली की त्यांची रूपे बदलतात. आपल्याच भागातील एक उदाहरण पाहा. डहाणूला दर्या आहे आणि तलासरीकडे डोंगर व दऱ्या आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र. हा शब्द तर उर्दूतही आहे. तिथे त्याचा अर्थ नदी असाही होतो. 'दऱ्या' म्हणजे दोन डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्ही शब्दांत द, र आणि य हीच अक्षरे आहेत. फरक केवळ 'र'च्या रूपात आहे. 'दर्या'मध्ये तो रफार होऊन 'या'च्या डोक्यावर बसतो. 'दऱ्या'मध्ये तो पापणीच्या केसासारखा वाकून 'या'च्या अलीकडे उभा राहतो. हिंदी लिहिणाऱ्याला या दुसऱ्या 'र'ची गरज पडत नाही. मराठीला पडते.

दूर देशातल्या प्रोग्रॅमरला हे कसे समजावे? त्याने दर्या पाहिलेला नाही आणि दऱ्याही पाहिलेल्या नाहीत. त्याचे काम पुस्तिकेने सोपे केले. युनिकोडच्या पुस्तिकेत देवनागरीचे नियम ओळीने दिले आहेत. अर्ध्या 'र'चे हे पापणीसारखे रूप मराठीत वापरले जाते, असे त्यात भाषेचे नाव घेऊन सांगितले आहे. हा नियम जो वाचतो, त्याने बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये 'दऱ्या' नीट उमटतात. जो वाचत नाही, तो दऱ्यांचा दर्या करून टाकतो!

उर्दूचेही असेच आहे. अरबीतला 'काफ' आणि उर्दूतला 'काफ' यांना दोन वेगळे क्रमांक आहेत. शब्दाच्या सुरुवातीला दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. समजा, एकाने 'किताब' हा शब्द अरबी 'काफ' वापरून लिहिला आणि तुम्ही उर्दू 'काफ' वापरून तो शोधू लागलात. डोळ्यांना शब्द समोर दिसतो. संगणक मात्र म्हणतो, असा शब्द येथे नाही! 'छोटी हे', 'दोचश्मी हे' आणि अरबीतला 'हे' यांनाही वेगवेगळे क्रमांक आहेत. युनिकोडच्या तक्त्यात 'छोटी हे', 'बडी ये' आणि 'नून गुन्ना' यांच्यापुढे 'उर्दू' अशी नोंद आहे. ती छोटीशी नोंद वाचणे किंवा न वाचणे, एवढ्यावर तुमचे लिहिणे आणि शोधणे अवलंबून असते.

अशी माहितीपुस्तिका प्रोग्रॅमरला सुताराच्या गुण्यासारखी उपयोगी पडते. काम सरळ आहे की वाकडे, हे तिच्यावरून ताडून पाहता येते. आता प्रश्न असा, की ही पुस्तिका कागदावर असावी की पडद्यावर?

आधी कागदाची बाजू ऐकू या. छापील पुस्तिकेला वीज लागत नाही, नेटवर्कही लागत नाही. पावसाळ्यात वीज गेली तरी खिडकीशी बसून ती वाचता येते. ती समासात खुणा करू देते. आणि ती एका क्रमाने शिकवते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी 'सी' या संगणकभाषेवर 'लेट अस सी' हे पुस्तक लिहिले. भारतातील कितीतरी विद्यार्थ्यांनी त्यावरून प्रोग्रॅम लिहिण्याचे पहिले धडे गिरवले. अशा पुस्तकात लेखक बोट धरून पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेतो. पडद्यावर आपण एक शब्द शोधतो, तेवढेच वाचतो आणि पुढे जातो. उत्तर मिळते, पण त्याच्या मागचे-पुढचे कळत नाही.

छापील पुस्तिकेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती शब्द फिरवत नाही. तुमच्या प्रतीत साठाव्या पानावर जे आहे, तेच त्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत साठाव्या पानावर आहे. मुंबईचा प्रोग्रॅमर आणि लाहोरचा प्रोग्रॅमर एकच पान उघडून एकाच ओळीवर बोट ठेवू शकतात. दहा वर्षांनीही ती ओळ तशीच असते.

पण हाच गुण कधी दोष होतो. छापलेले पान चूक कबूल करू शकत नाही आणि नवी गोष्टही शिकू शकत नाही. युनिकोडची पाचवी आवृत्ती २००६ साली पुस्तकरूपाने निघाली. तो चांगला जाडजूड ग्रंथ होता. त्यात हजारो अक्षरे होती, पण मराठीचा 'ॲ' एकसंध अक्षर म्हणून नव्हता. 'ॲसिड', 'ॲम्ब्युलन्स' असे शब्द लिहिताना लोक 'अ' काढून त्यावर वेगळा चंद्र ठेवत. 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक, ०९७२, मिळाला तो एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. ही आवृत्ती पडद्यावर आली. ज्यांच्या कपाटात २००६ चा ग्रंथ होता, त्यांनी तो कितीही वेळा उघडला तरी त्यांना 'ॲ' सापडला नसता.

दुसरे उदाहरण आपल्या खिशातले आहे. रुपयाचे '₹' हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ते डी. उदयकुमार यांनी तयार केले होते. त्यांनी मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये आरेखनाचे शिक्षण घेतले होते. देवनागरी 'र' आणि इंग्रजी 'आर' यांचा मेळ त्यांनी या चिन्हात घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची सहावी आवृत्ती आली आणि तिच्यात हे चिन्ह दाखल झाले. अवघे तीन महिने! ग्रंथ नव्याने जुळवून, छापून, बांधून जगभर पाठवायचा असता, तर इतक्या थोड्या अवधीत हे झाले असते का?

मग कागद जुना झाला, आता सारे पडद्यावरच असावे, असे म्हणायचे का? थांबा. पडद्याचीही दुसरी बाजू आहे. पडद्यावरचे पान रात्रीत बदलू शकते. काल वाचलेली ओळ आज तेथे नसते आणि ती कोणी, कधी, का बदलली हे नेहमी कळतेच असे नाही. मूळ जागाच बंद झाली, तर पान नाहीसे होते. कपाटातले पुस्तक असे नाहीसे होत नाही.

आवृत्ती बदलताना काय घोटाळा होऊ शकतो, याचा एक धडा युनिकोडच्याच इतिहासात आहे. १९९६ साली दुसरी आवृत्ती आली, तेव्हा कोरियन लिपीतील ६,६५६ अक्षरगटांना आधी दिलेले क्रमांक बदलण्यात आले. कोरियन अक्षरगटांची संख्या वाढवून ११,१७२ केली होती आणि त्या सर्वांना सलग जागा हवी होती. हेतू चांगला होता. पण परिणाम काय झाला? जुन्या क्रमांकांनी लिहिलेला मजकूर नव्या पुस्तिकेप्रमाणे वाचला, तर भलतेच काही उमटणार! गावातल्या सर्व घरांचे क्रमांक एका दिवसात बदलावेत आणि पोस्टमनच्या हातात जुनी यादी असावी, तसे हे झाले.

या अनुभवातून एक कडक नियम तयार झाला. एकदा एखाद्या अक्षराला क्रमांक दिला की तो पुन्हा बदलायचा नाही आणि काढूनही घ्यायचा नाही. नवी अक्षरे येऊ शकतात, पण जुन्यांची जागा कायम राहते. शिवाय प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आणि तारीख असते. जुन्या आवृत्त्या पुसून न टाकता जपून ठेवल्या जातात. २०२४ साली आलेल्या सोळाव्या आवृत्तीत पुस्तिकेचा मुख्य मजकूर थेट वेबपानांच्या रूपात वाचायला मिळू लागला. तरीही त्या पानांवर आवृत्तीचा क्रमांक असतो. यात एक मोठी समजूत आहे. पडद्याने कागदाकडून स्थिरपणा घेतला आणि स्वतःची दुरुस्तीची सोयही सोडली नाही.

कागद आणि पडदा यांचा मेळ घालण्याची ही कल्पना तशी जुनीच आहे. १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या संगणकप्रणालीची पुस्तिका तयार केली. तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. ती कागदावर छापलेली होती. पुढे तोच मजकूर संगणकातही ठेवला जाऊ लागला. 'मॅन' एवढी आज्ञा दिली की पुस्तिकेतले हवे ते पान पडद्यावर येई. आजही त्या घराण्यातल्या अनेक संगणकांवर ही आज्ञा चालते. पुस्तिका संगणकातच असल्यामुळे इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. नेटवर्क येते-जाते अशा गावात शिकणाऱ्या मुलाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

या पुस्तिकेतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज्ञेचे नाव, ती वापरण्याची पद्धत, तिचे वर्णन हे सारे दिल्यावर शेवटी 'उणिवा' या अर्थाचे एक कलम असे. या आज्ञेत काय बिघडते, कोठे ती चुकते, हे लिहिणारेच तेथे सांगून टाकत. आपल्या मालाचे दोष स्वतःच सांगणारा दुकानदार विरळा. पण त्यामुळेच वाचणाऱ्याचा त्या पुस्तिकेवर विश्वास बसला. चांगली पुस्तिका कागदावर आहे की पडद्यावर, यापेक्षा ती खरे सांगते की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते.

तेव्हा मित्रांनो, कागद श्रेष्ठ की पडदा, असा वाद घालून फारसे हाती लागत नाही. शिकण्यासाठी क्रमाने वाचायचे असेल, तर छापील पुस्तक हाताशी घ्यावे. एखादा नेमका नियम आज काय आहे हे पाहायचे असेल, तर पडद्यावरचे ताजे पान उघडावे. मात्र दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सर्वांत आधी पाहावी. या पानाची तारीख कोणती? ही आवृत्ती कितवी? छापील पानाची तारीख पाहिली नाही, तर आपण शिळ्या माहितीवर विसंबतो. पडद्यावरच्या पानाची तारीख पाहिली नाही, तर आपण काय वाचले हे उद्या दुसऱ्याला दाखवता येत नाही. 'तारीख' हा शब्द अरबीतून उर्दूत आणि मराठीत आला. उर्दूत 'तारीख' म्हणजे दिवस आणि 'तारीख' म्हणजे इतिहासही. दोन्ही अर्थ येथे चपखल बसतात. ज्या पानावर तारीख नाही, त्या पानाला इतिहास नाही.

आता तुमच्या भविष्यकाळाविषयी थोडेसे. युनिकोडमध्ये एखादे अक्षर राहून गेले असेल, किंवा एखादा नियम नीट सांगितलेला नसेल, तर कोणीही लेखी प्रस्ताव पाठवू शकतो. त्यासाठी मोठे पद लागत नाही. पुरावा लागतो. हे अक्षर कोठे वापरले जाते, कोणत्या पुस्तकांत ते छापले आहे, ते कशाशी जोडले जाते, हे नमुने दाखवून सांगावे लागते. आणि असा पुरावा बहुतेक वेळा जुन्या छापील पुस्तकांतूनच मिळतो. म्हणजे पडद्यावरचे पान दुरुस्त करायलाही कागदच साक्षीला उभा राहतो.

असे काम कोण करू शकेल? ज्याला रफार आणि पापणीचा 'र' यांतला भेद कळतो आणि 'छोटी हे' व 'दोचश्मी हे' यांतलाही भेद कळतो, असा माणूस. मराठी आणि उर्दू दोन्ही लिप्या वाचणारी मुले आपल्या वर्गात आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये अशी माणसे थोडी असतात. म्हणून मराठीचा तास हा केवळ गुणांसाठी आहे, असे समजू नका. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रोग्रॅमर झाला, तर पुस्तिका उघडून तो फक्त वाचणार नाही. 'येथे आमचे अक्षर चुकले आहे' असे म्हणून, पुरावा देऊन, तो ते दुरुस्तही करून घेईल.

शब्दार्थ

पुस्तिका – लहान पुस्तक, माहितीचे पुस्तक
आवृत्ती – पुस्तकाची एक वेळची छपाई. सुधारून काढलेले नवे रूप
रफार – अक्षराच्या डोक्यावर लिहिला जाणारा 'र'
दरी – दोन डोंगरांमधील खोल जागा (अनेकवचन : दऱ्या)
गुण्या – काटकोन तपासण्याचे सुताराचे साधन
समास – पानाच्या कडेची कोरी जागा
आरेखन – वस्तूचे किंवा चिन्हाचे रूप आखणे
विसंबणे – भरवसा ठेवून अवलंबून राहणे
चपखल – अगदी बरोबर बसणारा
विरळा – क्वचित आढळणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अच्छाड हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) युनिकोडची पहिली आवृत्ती कोणत्या साली छापली गेली?
(इ) 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक कधी मिळाला?
(ई) रुपयाचे चिन्ह कोणी तयार केले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'किताब' हा शब्द समोर दिसत असूनही संगणकाला तो का सापडत नाही?
(आ) १९९६ साली कोरियन लिपीबाबत काय घडले? त्यानंतर कोणता नियम तयार झाला?
(इ) युनिक्सच्या पुस्तिकेवर वाचणाऱ्यांचा विश्वास का बसला?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) छापील पुस्तिकेचा गुणच कधी कधी तिचा दोष होतो.
(आ) कोणत्याही पानाची तारीख आणि आवृत्ती पाहिली पाहिजे.

प्र. ४. पुढील शब्दांच्या जोड्या वाक्यांत वापरून अर्थातील फरक दाखवा.
दर्या – दऱ्या, आचार्यांना – आचाऱ्यांना

प्र. ५. तारीख, कागद, दुरुस्ती, दप्तर हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा. त्यांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते लिहा.

उपक्रम : तुमची पाठ्यपुस्तके उघडा. प्रत्येकाची आवृत्ती आणि छपाईचे वर्ष शोधून त्यांची यादी करा. सर्वांत जुने पुस्तक कोणते ते वर्गात सांगा. त्यातील कोणती माहिती आज बदलली आहे, याची शिक्षकांबरोबर चर्चा करा.